भरल्या विहिरीवरची जाळी

पाऊस उघडला की पंधरा दिवसांत आमच्या माळाचा रंग उतरतो. हिरवं असतं ते आधी पोपटी होतं, मग भाकरीच्या पापुद्र्यासारखं. बाजरी कापलेली असते, तिची धसकटं वहाणेतून पायाला टोचतात. सकाळी बांधावरच्या गवतावर दव, कोळ्यांची जाळी ओली चिंब. दहा वाजले की तेच गवत वाळून कुरकुरतं आणि डोक्यावरची टोपी तापते. सांजेला परत अंगावर काटा. एका दिवसात तीन ऋतू. मोठी माणसं यातून निभावतात, लहान पोरांची मात्र नाकं वाहायला लागतात. घटस्थापनेच्या आसपास आमच्या वाडीत कुठल्याही घरापुढून जा, आतून एखादं पोर खोकतंच.

यंदाही तसंच झालं. घट बसले त्या सकाळी मी मळ्यात गेलो. विहीर भरलीय. वरून चौथ्या पायरीला पाणी लागलंय, पारवे काठावर बसून घुमतायत. आणि सगळ्यावर लोखंडी जाळी. जाळीच्या चौकोनातून पाणी बघायचं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून त्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. विहीर तर माझी आहे. वडिलांनी आणि मी खणलेली. पहार धरून धरून माझ्या तळहाताला पडलेले घट्टे अजून गेलेले नाहीत.

पारनेर तालुक्यातला आमचा भाग कोरडा. इथली विहीर दोन-तीन महिने विहीर असते, बाकीचं वर्ष नुसता खड्डा. त्यामुळं पोरांना पोहायला शिकवायचं ते याच दिवसांत, पाऊस उघडल्यापासून दिवाळी होईपर्यंत. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की कापसासारखं हलकं होतं. त्याचा हातभर ओंडका घ्यायचा, सुती दोरीनं पोराच्या पाठीला बांधायचा. याला आम्ही बिंडा म्हणतो. बिंडा पाठीवर असला की पोर बुडत नाही, हातपाय मारायला शिकतं. आणि दर चार दिवसांनी सुताराच्या वाकसानं तो बिंडा बोटभर तासायचा. पोराला कळूसुद्धा द्यायचं नाही. लाकूड कमी होत जातं, पोराचा दम वाढत जातो, आणि एक दिवस पाठीवर नुसती चकती उरते. ती काढून टाकली की पोर पोहतं. मी असं किती पोरांना शिकवलं ते मोजलं नाही. वाडीतला चाळिशीच्या आतबाहेरचा कुठलाही माणूस दाखवा, तो माझ्या बिंड्यावर तरंगलेला आहे. माझा दत्ताही.

दत्ता माझा एकुलता एक मुलगा. दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. त्याची बायको मनीषा गावच्या अंगणवाडीत आहे. पोरांची वजनं करायची, उंची मापायची, कोण खंगलंय कोण वाढलंय ते लिहायचं, हे तिचं काम. या दिवसांत ती घरोघर सांगत फिरते, पाणी उकळा, पिंपं आठवड्याला रिकामी करा, हात धुवा, पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मी तिची थट्टा करायचो. आमच्या वेळी डास नव्हते का, म्हणायचो. आता तिचं सगळंच चूक होतं असं म्हणवत नाही.

मी सांगतोय ते मागच्या वर्षीचं. तेव्हा तीच माझ्याकडं आली होती. अंगणात मी वाटाण्याच्या शेंगा निवडत बसलो होतो.

"नाना, पोरं दिसभर मोबाईलला चिकाटत्यात. अंगात ताकद न्हाई, जरा वारं बदललं की आजारी. तुमी त्यांना पळवा. ईश्वरीला बी आन् वाडीतल्या चार-पाच जनांना बी."

"पळवीन की. पन मग मधी तोंड घालायचं न्हाई."

"न्हाई घालत. तुमच्यावर इस्वास हाय म्हनून तर आली."

तिचं हे वाक्य मला तेव्हा हार घातल्यासारखं वाटलं होतं.

ईश्वरी माझी नात. तेव्हा सात वर्षांची. काटक, सावळी, प्रश्नांचं पोतं. सकाळी दिवस उगवला की आमची वरात निघायची. पुढं पोरं, मागं मी. घरापासून पाझर तलावाच्या बांधापर्यंत पळत, बांधावर चढायचं, उतरायचं, परत चढायचं. तेरड्याला हात लावला की शेंगा फट्कन फुटायच्या, मग सगळे तिथंच थांबायचे. पायमोज्यांना कुसळं चिकटायची. कुणी दमला की त्याला चिंचेखाली बसवायचं, घाम पुसायचा, मगच पाणी. ओल्या अंगानं वाऱ्याला उभं राहायचं नाही, हा माझा कायदा. घरी आलं की कोमट पाण्यानं हातपाय, बाजरीची भाकरी, त्यावर तूप आणि गूळ. दुपारच्या चटक्यात कुणी बाहेर पडायचं नाही. सांजेला लंगडी, आट्यापाट्या.

"नाना, ह्यो बंड्या मधूनच जातोय! बांधाला वळसा घालत न्हाई!"

"जाऊ दे. मधी सगळी कुसळं हाईत. मागून रडंल तवा कुनी काढायची न्हाईत."

माझा दोस्त गेनू बांधावर बसलेला असायचा. आम्ही दोघं एकाच वर्षी शाळेत गेलो आणि एकाच वर्षी शाळेतून पळालो. त्याला शेळ्यांमागं काम नसतं, नुसतं बसणं असतं. तो ओरडायचा, "नाना, तू पोरांना पळवतोस का पोरं तुला? भाता तर तुझाच हलतोय!"

पंधरा दिवसांत पोरांचे चेहरे बदलले. नाकं सुकली. जेवताना दुसरी भाकरी मागायला लागली. मनीषानं अंगणवाडीच्या काट्यावर ईश्वरीला उभं केलं आणि माझ्याकडं बघून हसली. तेवढं पुरेसं होतं. मी फुगलो.

फुगलो म्हणजे किती, तर मारुतीच्या पारावर चार माणसांत बोलून बसलो. "कोजागिरीला माझी नात बिंड्याबिगर इहिरीला दोन फेऱ्या मारंल. न्हाई मारल्या तर मिशी उतरवीन."

कुणी विचारलं नव्हतं. मीच बोललो.

ईश्वरी शिकत होती, पण तिचा तिचा वेळ घेत होती. पाण्यात उतरताना दर वेळी विचारायची, "नाना, खाली किती पानी हाय?"

"तुला वरच राहायचंय, खालचं कशाला इचारती?"

"खाली गेले तर माहीत पायजे ना."

कोजागिरी दोन दिवसांवर आली आणि बिंडा अजून वीतभर जाड होता. त्या सकाळी मी गोठ्यामागं बसून वाकसानं दोन वेळचं एकदम तासलं. हात थांबत होता, तरी तासलं. पारावर दिलेला शब्द त्या लाकडापेक्षा जड झाला होता.

दहाच्या सुमाराला, ऊन पाण्यावर आल्यावर, तिला घेऊन गेलो. सहामाही परीक्षा चालू होती. तिच्या वर्गाला त्या दिवशी सुट्टी, म्हणून ती एकटीच. तिनं दोरी बांधून घेतली, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "बारका झालाय." मी म्हटलं, "तू मोठी झालीस." ती हसली आणि उतरली. निम्म्या विहिरीपर्यंत नीट गेली. मग हात थकले. मी काठावरून ओरडत होतो, मार, पाय मार. लाकडाचा पांढरा तुकडा पाण्यावर दिसत होता. डोकं दिसत नव्हतं.

धोतरासकट उडी टाकली. बाहेर काढली, दगडावर पालथी घातली. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग रडणं. तिला मांडीवर घेऊन पुसत राहिलो. ऊन होतं, तरी तिचे दात वाजत होते.

ती शांत झाल्यावर मी म्हटलं, "ईश्वरी, घरी काय सांगायचं न्हाई. मम्मी भिईल. ही आपल्या दोघांतली गोष्ट."

तिनं मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा अभिमान वाटला. पक्की आहे पोरगी, म्हटलं, माझ्यावर गेलीय.

परतताना गेनू शेळ्या घेऊन आडवा आला. "आरं, धोतरासकट आंघूळ?"

"घसरलो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ईश्वरीकडं बघितलं, आणि शेळ्या हाकल्या.

दुसऱ्या दिवशी तिला खोकला आणि ताप. मनीषानं विचारलं, पाण्यात लई वेळ होती का. मी म्हटलं, नाही, हवा बदलतीय. अडुळशाचा काढा केला, वाफ दिली. सांज झाली तरी ताप हटेना. पारनेरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि विचारलं, "पोहायला जाते ना? बुडाली होती का कधी? नाकातोंडात पाणी गेलं होतं का?"

मनीषा माझ्याकडं वळली. ईश्वरी टेबलावर पडून माझ्याकडंच बघत होती.

मी म्हटलं, "न्हाई ताई. हवापालट हाय."

कोजागिरीचं दूध आमच्या घरी आटवलंच नाही. त्या दिवशी पोरीचा श्वास वर लागला आणि दत्तानं टेम्पोत घालून तिला नगरला नेलं. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडी अजून नगरच. मी घरी राहिलो. गुरं होती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दत्ताचा फोन आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नाना, पोरगी बुडाली हुती?"

"कुनी सांगितलं?"

"मी इचारतोय बुडाली हुती का."

"कुनी सांगितलं ते आदी सांग."

त्यानं फोन ठेवला.

खरं कळल्यावर डॉक्टरांना इलाजाची दिशा सापडली म्हणे. आठवड्यानं ती घरी आली. गालफडं बसलेली, मनगटावर चिकटपट्टीचे डाग. मनीषानं तिला परत त्याच काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि वही मिटली. मला एक शब्द बोलली नाही. ताटात भाकरी वाढायची ती खाली बघून.

आणि दिवाळीच्या आधी दत्ता वेल्डर घेऊन आला. टेम्पोतून जाळी उतरवली. वाडीतली माणसं जमली. मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. उठणारच नव्हतो.

"नाना, बाजूला व्हा."

"ह्याच इहिरीत तुला शिकवलं म्या. इसरला?"

"न्हाई इसरलो. पन तवा तुमी खरं बोलत हुता."

मग तो लोकांकडं वळला. माझ्यासमोर, माझ्या मळ्यात, चार माणसांत म्हणाला, "इथून पुढं पोरं नानांच्या हाती द्यायची न्हाईत. कुनीच."

जाळी जड होती, चार कोपरे धरायला चार माणसं लागली. त्यातल्या तिघांना मी या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. एकाला तर पाण्याची इतकी भीती, की तो माझ्या गळ्याला मिठी मारून बसायचा. त्यानंही कोपरा धरला. मी उठलो आणि गोठ्यात जाऊन बसलो. ठिणग्यांचा आवाज तिथवर येत होता. मिशीची आठवण कुणी काढली नाही. काढली असती तर उतरवली असती, शब्द म्हणजे शब्द. पण माझा शब्द आठवण्याइतकाही कुणाला महत्त्वाचा वाटला नाही.

मला तेव्हा एकच कळत होतं. कुणीतरी फितूर झालं होतं. आणि तो गेनू होता, दुसरं कोण? ओलं धोतर त्यानंच बघितलेलं. मी पारावर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "गेन्या, पन्नास वर्सं माझ्या ताटात जेवलास आन् शेवटी खाल्ल्या घराचे वासे मोजलेस."

गेनू गोंधळला. "म्या काय केलं रं?"

"तुला माहीत हाय."

"माजी शप्पत, मला काय बी माहीत न्हाई."

"मग पुन्हा मला बोलू नको."

तो नाही बोलला. गेनू साधा माणूस. सांगितलेलं ऐकतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन खात मी वाटाणे सोलत होतो. ईश्वरी शेजारी बसून एक दाणा ताटलीत, एक तोंडात असं करत होती. मधेच म्हणाली, "गेनूआजोबांशी तुमी का बोलत न्हाई?"

"त्यानं चुगली केली."

"कशाची?"

"इहिरीची."

तिनं शेंग सोलली. दाणे मोजले. मग म्हणाली, "मी सांगितलं मम्मीला."

मी हातातली शेंग न सोलताच टरफलांत टाकली.

"डोळं मिटलं की पानी दिसायचं. मम्मी म्हनली का रडती, मग सांगितलं." आणखी एक शेंग उचलून ती म्हणाली, "तुमी म्हनला व्हता सांगू नको. पन तुमी डाक्टरबाईंना खोटं सांगितलं. मग त्यांचं औषिद चुकलं असतं ना?"

मला राग आला. सात वर्षांच्या पोरीचा राग आला, हे सांगताना लाज वाटते, पण आला. मुलगा फिरला होता, वाडी फिरली होती, त्याचं मी समजू शकत होतो, मोठ्या माणसांना आपापली कारणं असतात. पण हिनं मान हलवली होती. मी उठून ताटली आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तिच्याशी बोललो ते कामापुरतं.

वर्षभर हा दगड मी छातीवर घेऊन हिंडलोय. कधीकधी उलटा विचार येतो. मनीषानं विश्वास टाकला होता, पोरीनं माझ्या हातात पाठ दिली होती, आणि लाकूड कुणी तासलं? विचार येतो आणि मी उठून गुरांना पाणी दाखवायला जातो. गेनूशी अजून बोललो नाही. त्याचं चुकलं नाही हे कळून वर्ष होत आलं. कळणं आणि जाऊन सांगणं यात आमच्या घरापासून पारापर्यंतचं अंतर आहे, आणि ते मला चालवत नाही.

दत्ता उन्हाळ्यापासून दर रविवारी तिला नगरला तलावावर नेतो. निळ्या फरशीचं पाणी, त्याला औषधाचा वास, डोक्याला रबरी टोपी. ती आता पोहते म्हणे. मी बघितलेलं नाही. कुणी या म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी गेलो नसतो.

यंदा घट बसले त्याच सांजेला मनीषा परत आली. वर्षानं पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलली.

"नाना, पोरं पुन्हा खोकाय लागली. सकाळी पळवायला कुनी न्हाई."

"दत्तानं सांगितलंय ना, पोरं माझ्या हाती द्यायची न्हाईत."

"त्यांच्याशी मी बोलले. इहीर न्हाई. बाकी सगळं करा." मग तिनं पदर खोचला. "आन् रोज काय काय झालं ते ईश्वरी मला सांगंल. तुमच्या म्होरं."

म्हणजे चौकीत हजेरी. मी म्हटलं, जमायचं नाही. चार दिवस म्हटलं, जमायचं नाही. पाचव्या दिवशी उजाडताना दारात पोरं उभी. बंड्याच्या नाकाखाली दोन पांढऱ्या रेघा. ईश्वरी सगळ्यांच्या मागं, माझ्याकडं न बघता बुटाची नाडी बांधत होती. मी टोपी घातली.

तेव्हापासून रोज सांजेला मी ओट्यावर बसतो आणि माझी नात माझा हिशोब देते. "आज बांधाला तीन वेळा चढलो. बंड्याला मुंगळा चावला, नानांनी चुना लावला. नानांनी त्याला शिवी बी दिली." मनीषा खालमानेनं भाजी निवडते आणि ऐकते. दत्ता टेम्पो धुता धुता नळ बारीक करतो, तोही ऐकतो. मला वाटतं उठून जावं. जात नाही. पोरं यंदा खोकत नाहीत, हेही तीच सांगते, आणि ते ऐकायला बरं वाटतं.

परवा बांधावरून उतरताना माझ्या डोळ्यांपुढं एकदम अंधारी आली. ऊन तापायला लागलं होतं, सकाळी चहाशिवाय पोटात काही नव्हतं. गुडघ्यावर आपटलो, मग कुशीवर. बाकीची पोरं लांब पुढं गेलेली. ईश्वरी मागं वळली आणि पळत आली. माझी टोपी उचलली, झटकली, माझ्या हातात दिली. गुडघा फुटून धोतराला रक्त लागलं होतं. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. नंतर माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

ती वाट बघत होती. मी काय म्हणतो त्याची.

माझ्या तोंडात शब्द तयार होते. घरी कळलं तर हेही बंद होणार. दत्ता म्हणणार, बघा, म्हातारा स्वतःला सांभाळू शकत नाही, पोरांना काय सांभाळणार. मग सकाळ नाही, बांध नाही, पोरं नाहीत, जाळीखालचं पाणी बघत बसायचं. तिला फक्त सांगू नको म्हणायचं होतं, एवढंच. ती कदाचित या वेळी गप्प राहिली असती. तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं, की सांगितलं तर ती गप्प राहील, आणि परत डोळं मिटलं की तिला काहीतरी दिसत राहील.

"सांगू का घरी?" तिनंच विचारलं.

गुडघा ठणकत होता. मी पाय लांब केला.

"जा, सांग. आत्ताच सांग. चक्कर आली म्हनून सांग, घसरलो म्हनू नको."

"तुमी इथंच बसाल?"

"बसतो. उठून कुठं जातोय?"

ती उठली आणि सुटली. बांधाचा उतार, बाजरीच्या धसकटांचं रान, पुढं घराची वाट. धसकटात जरासुद्धा अडखळली नाही, दम घ्यायला थांबली नाही. मी तिथं मातीत बसून, माझी चुगली करायला निघालेली ती पोरगी घराच्या दारात शिरेपर्यंत बघत राहिलो.